कागदी नॅपकिनचे फूल : आधी कात्री, मग उलगडणे

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत गणपतीच्या सजावटीसाठी कागदी नॅपकिनची फुले कशी करावीत, याची सचित्र कृती प्रसिद्ध झाली आहे. विषय माझ्या आवडीचा असल्यामुळे कात्रण काढून ठेवण्याच्या हेतूने मी ती वाचू लागले, आणि वाचून झाल्यावर कात्रण न काढता हे पत्र लिहायला बसले. छापलेल्या क्रमाने कृती केली तर फूल होत नाही, नॅपकिन फाटतो. नुसते वाचून मी हे म्हणत नाही. आमच्या इमारतीतील दोघी जणी सोमवारी संध्याकाळी फाटक्या नॅपकिनचे बोळे घेऊन माझ्याकडे आल्या होत्या, आणि आपल्या हातात कलाच नाही, असा निकालही त्यांनी परस्पर लावून टाकला होता. दोष त्यांच्या हातांचा नव्हता. मी सांगली जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत २७ वर्षे कार्यानुभव हा विषय शिकविला असून त्या काळात पतंगी कागदाची, क्रेपची आणि पुढे पुढे नॅपकिनची किती फुले वर्गात झाली असतील याची मोजदाद मी ठेवलेली नाही. परंतु ती कोठे फाटतात आणि का फाटतात, एवढे मात्र मला निश्चित ठाऊक आहे.

आपल्या कृतीत नॅपकिनच्या घड्या घालून मध्ये बांधायला सांगितले आहे, नंतर पाकळ्या उलगडायला सांगितल्या आहेत आणि सर्वांत शेवटी कात्रीने पाकळ्यांच्या कडांना आकार द्यायला सांगितले आहे. चूक येथेच आहे. बाजारात मिळणारा बहुतेक नॅपकिन दुपदरी असतो. हे दोन पदर डिंकाने चिकटविलेले नसतात, तर कडेने जी बारीक ठिपक्यांची किंवा वेलबुट्टीची दाबलेली नक्षी दिसते, तिच्या दाबामुळे ते एकमेकांना धरून राहिलेले असतात. आपल्याला ती नक्षी केवळ शोभेची वाटते, प्रत्यक्षात ती शिवणीचे काम करीत असते. फूल करताना हे दोन पदर सुटे व्हावे लागतात, कारण फुलाचा भरगच्चपणा त्या सुट्या पदरांतूनच येतो. घडी घातल्यानंतर आणि उलगडण्यापूर्वी पट्टीची दोन्ही टोके कापली, की त्या टोकांवरची नक्षी कापून निघते आणि पदर आपोआप मोकळे होतात. टोके तशीच ठेवून उलगडायला घेतली, तर बोटांनी पदर ओढायचे आणि नक्षीने ते धरून ठेवायचे अशी ओढाताण होते आणि त्यात बिचारा कागद जातो. शिवाय उलगडलेल्या फुलाच्या पाकळ्या एकेक करून कापत बसणे हे घातलेली साडी अंगावरच कापण्यासारखे आहे. कडा सारख्या येत नाहीत, आणि कात्रीच्या टोकाने दोन पाकळ्या नको तेथे छाटल्या जातात.

एवढे लिहून थांबले तर ते केवळ चूक काढणे होईल, म्हणून कृती पूर्ण देते.

साधा नॅपकिन उलगडला की साधारण ३० सेंटिमीटर लांबी-रुंदीचा चौरस होतो आणि पाकिटात तो चार घड्या घालून १५ सेंटिमीटरचा केलेला असतो. पूर्ण उलगडलेल्या नॅपकिनचे फूल करू नये. ते परडीएवढे होते, आपल्याच वजनाने मान टाकते आणि भिंतीवर लावले तर कोबीचा गड्डा टांगल्यासारखे दिसते. घडीच्या रेषांवर कापून एका नॅपकिनचे चार चौरस करावेत. अशा ३ नॅपकिनचे १२ चौरस होतात आणि एका फुलाला ४ चौरस लागतात, म्हणजे ३ नॅपकिनमध्ये ३ फुले. चार चौरस एकावर एक नीट जुळवून ठेवावेत. दुपदरी असल्यामुळे आठ पदर झाले. मग एका कडेपासून दीड सेंटिमीटर रुंदीची घडी पुढे, पुढची तेवढीच घडी मागे, अशा पंख्याच्या घड्या घालत जावे. साडीच्या निऱ्या ज्यांना जमतात त्यांना हे शिकवावे लागत नाही. दहा घड्यांत चौरस संपतो. प्रत्येक घडी अंगठ्याच्या नखाने दाबून घ्यावी, पण घासू नये. घासले की कागदाचे तंतू निघतात आणि घडीची कड लवेसारखी होते.

आता हाती एक पट्टी आली. तिच्या बरोबर मध्यावर दोन्ही बाजूंनी तांदळाच्या दाण्याएवढी खाच पाडावी आणि त्या खाचेत दोरा बसवून दोन वेढे घेऊन गाठ मारावी. खाच नसली तर दोरा उलगडताना सरकतो आणि फुलाची एक बाजू मोठी, दुसरी लहान होते. गाठ करकचून आवळू नये, कारण ओल्या हाताने आवळलेला दोरा नॅपकिन सुरीसारखा कापतो. पट्टी दोऱ्यात हलणार नाही इतपतच ती असावी. त्यानंतर कात्री घ्यावी. दोन्ही टोके गोलाकार कापली तर पाकळ्या डेलियासारख्या रुंद येतात, निमुळती कापली तर फूल कमळाकडे झुकते, आणि टोकाला अर्ध्या सेंटिमीटरचे चार-पाच बारीक छेद दिले तर झेंडू होतो. छेद त्याहून खोल गेले तर पाकळीच्या झिरमिळ्या होतात. मग पट्टी दोन्ही बाजूंना पंख्यासारखी पसरावी आणि सर्वांत वरचा एकच पदर चिमटीत धरून मध्याकडे उभा करावा. पदर टोकाला धरून ओढू नये, बोट आत, दोऱ्याच्या जवळ नेऊन तेथून वर उचलावा. टोकाला धरून ओढणे ही फाटण्याची दुसरी वाट आहे. एका बाजूचा एक पदर, मग समोरच्या बाजूचा एक, असे आलटून पालटून करीत गेले तर फुलाचा मध्य मधोमध राहतो. शेवटचे दोन पदर उचलू नयेत, ते तसेच आडवे राहू द्यावेत. फूल त्यांच्यावर बसते.

आणखी एक बारकावा आहे, आणि आपल्या वाचकांपैकी ज्यांना हा नाद लागेल त्यांच्या तो उपयोगी पडेल. नॅपकिनच्या कागदाला दिशा असते. कारखान्यात हा कागद एका प्रचंड तापलेल्या लोखंडी रुळावर चिकटून वाळतो आणि पात्याने त्यावरून खरवडून काढला जातो. त्या खरवडण्यात त्याला डोळ्यांना जेमतेम दिसतील अशा सूक्ष्म सुरकुत्या पडतात. नॅपकिनला जो मऊपणा आणि किंचित ताण घेण्याचा गुण असतो तो या सुरकुत्यांचा, आणि तो एकाच दिशेने असतो. नॅपकिनची एक कड थोडीशी फाडून पाहावी. एका दिशेने फाट सरळ रेषेत जाते, दुसऱ्या दिशेने ती वेडीवाकडी पळते. सरळ फाटण्याची दिशा ही पाकळीच्या लांबीची दिशा ठेवली तर उलगडताना कागद तुटत नाही, थोडा ताणला जाऊन वाकतो, असा माझा अनुभव आहे. हे मला कोणी शिकविले नव्हते. एका वर्षी एकाच पाकिटातल्या नॅपकिनची अर्ध्या वर्गाची फुले सुरेख झाली आणि अर्ध्या वर्गाची फाटली, तेव्हा मुलांना रागावण्याऐवजी मी दोन्ही ढीग घरी घेऊन आले आणि रात्री उलगडून पाहिले, तेव्हा हा उलगडा झाला. ज्यांना मी त्या दिवशी वर्गात धसमुसळे म्हटले होते त्यांची दुसऱ्या दिवशी माफीही मागितली.

आता साहित्याच्या यादीकडे वळते, कारण माझा खरा आक्षेप कृतीपेक्षा यादीला आहे. आपण दिलेल्या यादीत नॅपकिन, गरम गोंदाची बंदूक, चमकी, हिरवी प्लास्टिकची पट्टी, तार आणि फुलाच्या मध्यभागासाठी थर्माकोलचे लहान गोळे असे सहा पदार्थ आहेत. यांतील शेवटच्या पदार्थाबद्दल तर आपणच खुलासा छापायला हवा. महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आणली, आणि १ जुलै २०२२ पासून देशभर लागू झालेल्या एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बंदीतही सजावटीच्या थर्माकोलचा स्पष्ट उल्लेख आहे. गणपतीच्या मखरांचे थर्माकोल घराघरांतून हद्दपार व्हायला वर्षे लागली. ते फुलाच्या पोटातून गोळ्यांच्या रूपाने परत यावे, हे बरे नव्हे.

बाकीचे चार पदार्थ बेकायदा नाहीत, अनावश्यक आहेत. नॅपकिनच्या फुलाला गोंद लागतच नाही. दोऱ्याची एक गाठ पुरते. चमकी म्हणजे प्लास्टिकचाच भुगा, तो एकदा सांडला की दिवाळीपर्यंत फरशीच्या सांध्यांतून निघत राहतो. तार लागते ती फुलाला देठ हवा असेल तेव्हा, आणि भिंतीवर, मखरावर किंवा पताकेत लावायच्या फुलाला देठ कशाला हवा? दोऱ्याची टोके लांब सोडली की ती बांधायच्याच कामाला येतात. दोराही पाहून घ्यावा. शिवणाच्या रिळावर हल्ली मिळणारा दोरा बहुधा पॉलिएस्टरचा असतो, तो मातीत कुजत नाही. हार ओवायचा सुती दोरा घ्यावा. केळीच्या सोपटाचा धागा मिळाला तर त्याहून उत्तम, कारण तो भिजवून वापरल्यावर वाळताना स्वतःच आवळतो आणि कागदाला काचत नाही. कागद आणि सूत एवढेच असले तर उत्सवानंतर ते फूल ओल्या कचऱ्याच्या खड्ड्यात निर्धास्त टाकता येते. गोंद, चमकी आणि तार लावलेले फूल निर्माल्याच्या ढिगात गेले तर खत करणाऱ्यांना ते हाताने निवडून काढावे लागते.

'टाकाऊतून टिकाऊ' हा आपला मथळाही मला खटकला. दुकानातून कोरे पाकीट विकत आणून केलेले फूल टाकाऊतून कसे झाले? नॅपकिन हा झाडाच्या लगद्याचा कागद असून तो एकदा वापरून फेकण्यासाठीच केलेला असतो आणि त्याचे तंतू इतके आखूड व विस्कळीत असतात की त्यापासून पुन्हा कागद करण्यात कोणाला रस नसतो. आणि हे फूल टिकाऊ तर मुळीच नाही. चार-आठ दिवसांत ते मलूल होते, उन्हात ठेवले तर रंग उडतो, धूळ बसली तर झटकता येत नाही. माझ्या मते यात लाजण्यासारखे काही नाही, कारण दीड दिवसाच्या, पाच दिवसांच्या सजावटीला वर्षानुवर्षे टिकणारी वस्तू हवीच कशाला? मात्र शक्य असेल तेथे पाकीट विकत न घेता घरातले शोधावे. लग्नकार्यातून आणलेली, वाढदिवसाला उघडलेली, निम्मी उरलेली, कोपरे दुमडलेली पाकिटे मध्यमवर्गीय घरात दोन-तीन तरी निघतात. ती पाहुण्यांपुढे ठेवता येत नाहीत आणि टाकवतही नाहीत. त्यांचे फूल केले तर आपला मथळा अर्धा का होईना खरा ठरेल. इस्त्री फार गरम नसेल तर दुमडलेला नॅपकिन वर्तमानपत्राच्या दोन पानांत ठेवून सरळही करता येतो.

हा सारा पसारा मला इतका टोचण्याचे कारण घरचे आहे. माझी नात पाचवीत शिकते. गेल्या वर्षी तिच्या शाळेने 'नॅपकिनचे फूल' हा प्रकल्प दिला आणि सोबत साहित्याची यादी पाठविली, जी आपल्या यादीहून फार वेगळी नव्हती. दुकानात त्याचा तयार संच मिळत होता, पाकळ्यासुद्धा यंत्राने कापलेल्या. मुलीने पाकळ्या मोजल्या आणि आईने रात्री अकरा वाजता गरम गोंदाने त्या चिकटविल्या. त्यात सुनेचे बोट पोळले ते वेगळेच. प्रकल्पाला चांगला शेरा मिळाला. मी नातीला विचारले की फूल कसे केलेस, तर ती म्हणाली, "आजी, ते करायचं नसतं, लावायचं असतं." हे उत्तर ऐकून मी त्या रात्री बराच वेळ जागी होते.

आमच्या विषयाचे मूळ वर्धा येथे १९३७ मध्ये मांडल्या गेलेल्या नई तालीमच्या कल्पनेत आहे. हाताने काम करता करता मूल गणित, भाषा, विज्ञान शिकते, असा तो विचार होता. कोठारी आयोगाने १९६४ ते १९६६ या काळात 'कार्यानुभव' हा शब्द शिक्षणात रुजविला आणि १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने 'समाजोपयोगी उत्पादक कार्य' असे त्याला नवे नाव दिले. नावे बदलली तरी अनुभव मुलाच्या हाताला यावा, ही अट कोणीच काढलेली नव्हती. नॅपकिनचे फूल ही अट पाळते आणि फार स्वस्तात पाळते. माझ्या वर्गात ५० मुले असत आणि कात्र्या १८. पस्तीस मिनिटांच्या तासिकेत निम्म्या मुलांनी घड्या घालाव्यात तोवर निम्म्यांनी कापावे, मग अदलाबदल, असे आम्ही बसविले होते, आणि प्रत्येक मुलाची दोन फुले होत. पहिले बिघडण्यासाठी, दुसरे घरी नेण्यासाठी. चौरसाचे चार भाग, दहा घड्या, मध्य शोधणे, दोन्ही टोके सारखी कापणे यांत पाचवीचे निम्मे भूमितीचे पुस्तक येऊन जाते. मध्य शोधायला पट्टी लागत नाही, दुमडले की मध्य सापडतो, हे ज्या मुलाला प्रथमच कळते त्याचा चेहरा पाहण्यासारखा असतो. डावखुऱ्या मुलांना शाळेतली कात्री चालत नसे, म्हणून त्यांना आम्ही टोके कापण्याऐवजी फाडायला दिली, आणि त्या फाडलेल्या कडांची फुले इतकी खऱ्यासारखी दिसू लागली की उजव्या हाताची मुलेही कात्र्या बाजूला ठेवू लागली.

वर्गात एक मुलगी होती, तिचे वडील देवळासमोर हार-गजरे विकत. इतर मुले गाठ मारताना एकमेकांची बोटे उसनी मागत, ही मात्र दोऱ्याचा एक फासा बोटावर घेऊन पट्टीभोवती टाकी, दुसरा फासा त्याच्या पाठीवर टाकी आणि एका हाताने ओढून घेई. गाठ नाही, तरी सुटत नाही. फुलारी सुईवाचून गजरा गुंफतात तीच ही रीत. ती मुलगी अभ्यासात मागे समजली जात असे. त्या तासाला तिने वर्गाला शिकविले आणि मीही तिच्याकडूनच ते शिकले. वर दोन वेढे आणि गाठ सांगितली आहे ती ज्यांना फासा जमत नाही त्यांच्यासाठी.

कागदाची फुले आपल्याकडे नॅपकिनबरोबर आली, असेही कोणी समजू नये. माझ्या लहानपणी आमच्या घरी मखर पतंगी कागदाचे होई. घोटीव कागदाच्या कमानी, बेगडीचे काठ आणि पतंगी कागदाची फुले, सगळे मैद्याच्या खळीने चिकटविलेले. खळीला कसर लागू नये म्हणून वडील तीत मोरचूद टाकीत आणि आम्हा मुलांना ती बोटाने चाटायची बंदी असे. मोरचूद विषारी असल्यामुळे आज मी ती खळ कोणालाही करायला सांगणार नाही. दिवाळीच्या आकाशकंदिलाला आपण ज्या करंज्या आणि झिरमिळ्या लावतो, त्यांची घडी आणि या फुलाची घडी या सख्ख्या बहिणी आहेत. बाहेरच्या देशांतही हे आहे. जपानमध्ये शाळांच्या प्रवेश-समारंभाला आणि निरोप-समारंभाला अगदी याच पद्धतीने, पातळ कागदाच्या पंख्याच्या घड्या घालून, मुले फुले करतात. त्यासाठीचा कागद तेथे 'ओहानागामी', म्हणजे फुलांचा कागद, याच नावाने मिळतो. पोर्तुगालमधील कांपो मायोर या गावाचे लोक महिनोन् महिने घरात बसून कागदी फुले करतात आणि एका रात्रीत गावाच्या गल्ल्या त्यांनी आच्छादून टाकतात. या उत्सवाला युनेस्कोने २०२१ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. त्यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट ही की तो दरवर्षी होत नाही, गावाने ठरविले तरच होतो.

आपल्या हवेत या फुलाच्या काही अडचणी आहेत, त्यांबद्दल आपल्या कृतीत एक शब्दही नव्हता. भाद्रपदात हवा दमट असते आणि नॅपकिनचा जन्मच पाणी शोषण्यासाठी झालेला आहे. आठ दिवस आधी उलगडून ठेवलेले फूल चतुर्थीच्या सकाळी ओल्या पापडासारखे होते. उपाय सोपा आहे. फुले आधी करावीत, पण उलगडू नयेत. घड्या घातलेल्या, बांधलेल्या, टोके कापलेल्या पट्ट्या बिस्किटांच्या डब्यात झाकण लावून ठेवाव्यात. अशा शंभर पट्ट्या एका डब्यात मावतात, आणि सजावटीच्या जागी बसून दोघा-तिघांनी आदल्या रात्री त्या उलगडाव्यात. मंडळाच्या मांडवापर्यंत उलगडलेली शंभर फुले रिक्षातून नेण्याचा प्रयोग आम्ही एकदा केला होता. मांडवात पोहोचली ती ६२.

गडद रंगाचे, विशेषतः लाल, जांभळे आणि काळपट हिरवे नॅपकिन पाण्याचा थेंब पडला की रंग सोडतात. माझ्याच घरी गौरींच्या मागे लावलेल्या लाल फुलांवर पूजेचे पाणी शिंपडले गेले आणि गौरीच्या मोतिया रंगाच्या साडीच्या पदरावर कुंकवासारखे सहा डाग उमटले. सासूबाईंनी शुभशकुन म्हणून वेळ निभावून नेली, पण डाग अजून आहेत. पूजेच्या जवळ पांढरा, फिका पिवळा किंवा अबोली रंग वापरावा आणि गडद फुले वर, हात पोहोचणार नाही तेथे लावावीत. शंका असेल तर नॅपकिनचा तुकडा ओला करून पांढऱ्या रुमालावर दाबून पाहावा.

आगीची गोष्ट सर्वांत गंभीर आहे. नॅपकिन अत्यंत पातळ, आणि फूल केल्यावर त्याच्या पदरापदरांत हवा भरलेली. ते पेटले तर विझविण्याइतका वेळ देत नाही. समई, निरांजन, कापराची आरती आणि उदबत्ती यांच्या आसपास हात लांब करून जेवढे अंतर होते तेवढ्यात एकही कागदी फूल असू नये, आणि आरतीचे तबक फिरते ती वाटही त्यात धरावी. पंखा लावला की सुटे फूल उडून नेमके समईकडे जाते, म्हणून प्रत्येक फूल बांधलेले असावे. दिव्यांच्या माळेत फुले गुंफायची असतील तर एलईडीच्या माळेतच गुंफावीत. जुन्या तापणाऱ्या बल्बला नॅपकिन टेकवू नये. ही सूचना सजावटीच्या प्रत्येक कृतीत सर्वांत वर छापली जावी, अशी माझी आपणास कळकळीची विनंती आहे.

कोणी विचारील की मग खऱ्या फुलांचे काय. ती देवाला. दाराला झेंडू-आंब्याचेच तोरण असावे, मूर्तीला जास्वंद आणि दूर्वाच वाहाव्यात, गौरीला शेवंतीची वेणीच माळावी; झेंडू काढून बाजारात आणणाऱ्या शेतकऱ्याच्या पोटावर पाय देऊन कागदाची फुले लावा, असे मी म्हणणार नाही. माझे फूल भिंतीवरच्या, मखराच्या पाठीवरच्या, मांडवाच्या खांबावरच्या त्या जागेसाठी आहे जिथे आज प्लास्टिकची फुले येऊन बसली आहेत. थर्माकोलची सजावट २०२२ च्या बंदीच्या यादीत आहे, प्लास्टिकची फुले त्या यादीत नाहीत, आणि त्यामुळे दरवर्षी गणपतीच्या बाजारात त्यांच्या माळांचे पडदेच्या पडदे लागलेले दिसतात. ती धुऊन पुन्हा वापरता येतात असे सांगितले जाते, आणि काही घरांत तसे होतही असेल. आमच्या गल्लीत मला ती अनंत चतुर्दशीनंतर कचऱ्याच्या गाडीतच दिसली.

शाळांनी ही फुले मुलांना वर्गात, नॅपकिन, सुती दोरा आणि कात्री एवढ्याच साहित्यात करायला द्यावीत आणि घरी करण्याचा प्रकल्प म्हणून देऊ नयेत, एवढीच माझी शिक्षकांना विनंती आहे. आपणास विनंती अशी की येत्या रविवारी दुरुस्त कृती छापावी, तिच्यात कात्रीचे चित्र उलगडण्याच्या चित्राआधी यावे आणि साहित्यातून थर्माकोलचे गोळे वगळावेत. चित्रकारांच्या सोयीसाठी या पत्रासोबत तीन पट्ट्या पाठवीत आहे. एक पांढरी, एक पिवळी, एक अबोली. बांधलेल्या आणि कापलेल्या आहेत, उलगडलेल्या नाहीत, म्हणूनच त्या लिफाफ्यात बसल्या. कार्यालयात कोणाला दहा मिनिटे सवड असेल तर त्यांनी वरचा एकच पदर, दोऱ्याजवळून, असे करीत त्या उलगडून पाहाव्यात. पिवळीच्या टोकांना छेद दिलेले आहेत, तिचा झेंडू होईल. पांढरीचा एक पदर मध्ये थोडा विरळ आहे, तो जरा जपून उचलावा.

आपली,
एक निवृत्त कार्यानुभव शिक्षिका,
सांगली